बोकोबांची शुगर आणि कच्च्या चिकनचा फंडा

ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये ‘माझा बिनसाखरेचा!’ असं ओरडून चहा मागणारे हल्ली पस्तिशीतलेच असतात, त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. पण ‘आमच्या बोक्याला डायबिटीस आहे, साडेसातला त्याचं इन्शुलिन असतं, मी निघते’ असं एखादीने बॉसला सांगून बघावं. अख्खा फ्लोअर खुर्च्या फिरवून बघतो. हसू नका. मांजरांना डायबिटीस होतो आणि तो बराचसा आपल्या टाइप टूसारखाच असतो. वय सात-आठच्या पुढे, नसबंदी झालेला बोका, वजन जास्त, दिवसभर सोफ्यावर लोळणं आणि वाटीत चोवीस तास भरलेलं कोरडं खाणं, हे त्याचं टिपिकल प्रोफाइल. थोडक्यात, आपलंच. फक्त लॅपटॉप तेवढा नाही.

हे सगळं डोक्यात घुसलं ते एका मैत्रिणीमुळे. नोकरी लोअर परळला, आणि २०२०च्या वर्क फ्रॉम होमपासून अर्धा आठवडा मुक्काम अलिबागजवळ नागावला, घरच्या वाडीत. सोबत सात किलोचा बोका. गेल्या वर्षी हा बोका अचानक पाण्याच्या भांड्याजवळच बसायला लागला. खाणं दुप्पट आणि वजन मात्र उतरतंय. मग मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून, फेंगडा चालायला लागला. वाडीतल्या वाळूत तो जिथे लघवी करायचा, तिथे मुंग्यांची रांग. मधुमेहाची ही खूण आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही ठाऊक होती. पशुवैद्यांनी रक्त तपासलं, मग फ्रुक्टोसअमाइन तपासलं. दवाखान्यात नेलं की टेन्शननेच मांजराची शुगर चढते, त्यामुळे एका आकड्यावर भागत नाही. फ्रुक्टोसअमाइन मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब सांगतं. निदान पक्कं झालं. इन्शुलिन सुरू.

आणि मग सुरू झाले सल्ले!

पहिला सल्ला मासळीवाल्या मावशींचा. ‘ताय, आमच्या मांजरांना नाय होत असलं काय. कच्चा म्हावरा खातात, न् बघा कशी उड्या मारतात.’ दुसरा ऑफिसमधल्या फिटनेस फ्रीक मित्राचा. ‘अगं, कच्चं मांस दे. वाघ काय कुकर लावतो का?’ हा दुसरा सल्ला चांगला इंटरनॅशनल आहे बरं का. इयन बिलिंगहर्स्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने १९९३ साली कुत्र्यांना कच्ची हाडं आणि मांस देण्यावर पुस्तक काढलं. तिथून ‘बार्फ’ नावाची लाट आली, कुत्र्यांवरून मांजरांवर घसरली, आणि डायबिटीसवाल्या मांजरांच्या घरी तर तिला जवळजवळ औषधाचा मान मिळाला.

मावशींचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. थळ, रेवदंडा, मुरूड, कुठल्याही बंदरावर जा. जाळी सोडवायला बसलेल्या बायकांच्या भोवती मांजरांची मीटिंग भरलेली असते. एकही लठ्ठ नाही. पण त्यांची शुगर मोजलीय कुणी? डायबिटीस हा उतारवयातला आजार, आणि बंदरावरचं मांजर त्या वयाला पोचतंच कितीसं? शिवाय ते दिवसभर पळतं, भांडतं, चोरून खातं आणि मार चुकवतं. आपल्या सोफ्यावरच्या साहेबांशी त्याची तुलना म्हणजे डोलकर आणि डेटा अ‍ॅनालिस्टची तुलना.

तरीही एक गोष्ट मावशींच्या मांजरांकडे आहे आणि आपल्या बोक्याकडे नाही. त्यांच्या जेवणात पीठ नाही.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. आपल्या तोंडात घास गेला की लाळेतूनच पिष्ट पचायला सुरुवात होते, मांजराच्या लाळेत ती सोयच नाही. जेवणानंतर आलेली साखर झटपट आत ओढून घेणारं जे एन्झाइम आपल्या यकृतात असतं, ते मांजराच्या यकृतात जवळजवळ कामच करत नाही. त्याचं यकृत प्रथिनांपासून हळूहळू साखर बनवत राहतं आणि त्यावर त्याचं मस्त चालतं. उंदरामध्ये कार्बोहायड्रेट असतं किती? एक-दोन टक्के. आता पाकिटातले कुरकुरीत दाणे घ्या. पाकिटावर कार्बचा आकडा बहुधा नसतो, तो आपण काढायचा. शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख वजा करा. ३२, १२, ४, १० आणि ८ असे आकडे असतील, तर उरले ३४. म्हणजे दाण्यांच्या वजनाचा एक तृतीयांश भाग पिष्ट. ते असतं कारण त्याशिवाय दाणा बनत नाही आणि स्वस्तही पडत नाही. निरोगी, हालचाल करणारं मांजर हे पचवून नेतं. ज्याचं इन्शुलिन आधीच कमी पडतंय, त्याला ते भारी पडतं.

म्हणजे दाणे कमी करा, मांस वाढवा, इथवर सल्ला बरोबर. पण मांस कच्चंच कशाला?

चिकन शिजवल्याने त्यात पीठ तयार होत नाही. कच्च्या चिकनमध्ये कार्ब शून्याच्या आसपास, उकडलेल्या चिकनमध्येही तेवढंच. अमेरिकेत २००६ मध्ये डायबिटीस असलेल्या ६३ मांजरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना कमी कार्बचं खाणं, काहींना मध्यम कार्ब आणि जास्त फायबरचं. चार महिन्यांनी कमी कार्बवाल्यांपैकी ६८ टक्के मांजरांचं इन्शुलिन सुटलं होतं, दुसऱ्या गटात ४१ टक्क्यांचं. मग २००९ मध्ये रूम्प आणि रँड या दोघींचा ५५ मांजरांवरचा अभ्यास आला. कमी कार्बचं खाणं, दीर्घकाळ काम करणारं इन्शुलिन आणि घरच्या घरी दिवसातून अनेकदा शुगर तपासणं. त्यात ६४ टक्के मांजरं इन्शुलिनशिवाय राहू लागली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हे काटेकोर उपचार सुरू झालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के, उशिरा सुरू झालेल्यांत ३५. आपल्या टाइप टूवाल्यांनी हेवा करावा असे आकडे! आणि गंमत म्हणजे या दोन्ही अभ्यासांतलं कमी कार्बचं खाणं डबाबंद होतं. डबाबंद म्हणजे डब्यातच कडक उष्णतेने शिजवलेलं. कच्च्याच्या नावावर जे यश सांगितलं जातं, ते मुळात शिजवलेल्या डब्याने मिळवलेलं आहे.

मग कच्च्याने बिघडतं काय? साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया ही मंडळी कच्च्या चिकनमध्ये असू शकतात. तगडं मांजर ती बऱ्याचदा पचवतं. पण शुगर वाढलेल्या मांजराला लघवीच्या मार्गाचं इन्फेक्शन आधीच लवकर होतं, आणि कुठलंही इन्फेक्शन झालं की इन्शुलिन नीट लागू पडत नाही. जुलाब-उलट्या झाल्या, खाणं सुटलं की डोसचा सगळा हिशेब कोलमडतो. शिवाय ते जंतू मांजराच्या वाटीतून, ओट्यावरून, विष्ठेतून घरात फिरतात. घरात आजी असेल, रांगणारं मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर हा प्रश्न एकट्या बोक्याचा राहत नाही. कच्च्या मांसातून मांजराला टोक्सोप्लाझ्मा होऊ शकतो आणि गरोदर बाईसाठी तो वाईट. अमेरिकन पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ मध्येच कच्चं मांस देऊ नका अशी भूमिका घेतली होती.

आणि ‘वाघ काय कुकर लावतो का?’ म्हणणाऱ्या मित्रासाठी आपल्याच राज्यातली बातमी. नागपूरच्या गोरेवाडा रेस्क्यू सेंटरमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला, एच-५-एन-१, म्हणजे बर्ड फ्लू. त्यांना तो खाण्यातून झाला असावा, असा संशय व्यक्त झाला. त्याच डिसेंबरात अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये पाकिटबंद, फ्रोझन कच्चं खाणं खाऊन एक घरातलं मांजर बर्ड फ्लूने गेलं आणि तो माल बाजारातून परत मागवावा लागला. फ्रोझन होतं, तरी! फ्रीझरमध्ये विषाणू मरत नाही, तो थंडीत आरामात टिकतो. मरतो तो आचेवर. आणि जानेवारी २०२५ मध्ये हाच आजार आपल्या रायगडात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्यांमध्ये सापडला. आपण नागपूर आणि ओरेगॉनच्या बातम्या वाचत असतो आणि मांडवा जेट्टीपासून थोड्याच अंतरावर कोंबड्या मारल्या जात असतात.

आता मासळी. अलिबागला मुक्काम आणि मांजराला मासा नाही, हे ऐकायला क्रूर वाटतं. मासा चालेल, पण शिजवून, आणि कधीमधी. काही जातींच्या कच्च्या माशांमध्ये, विशेषतः हेरिंग आणि अँकोव्हीच्या घराण्यातल्या, थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व तोडणारं एन्झाइम असतं. आपली तारली त्या हेरिंगच्या घराण्यातली आणि मांदेली अँकोव्हीच्या. रोज असा कच्चा मासा पोटात गेला की मांजराचा तोल जातो, मान खाली झुकते, झटके येतात. अमेरिकेत १९३०च्या दशकात चॅस्टेक नावाच्या माणसाच्या फार्मवर कोल्हे कच्चा मासा खाऊन लुळे पडले, तेव्हा हे पहिल्यांदा लक्षात आलं. उकळलं की ते एन्झाइम निकामी होतं. डायबिटीसवाल्या मांजराच्या बाबतीत आणखी एक लोचा आहे. तोल जाणं, झटके येणं ही शुगर खूप खाली गेल्याचीही लक्षणं. एकाच वेळी दोन संशय घेऊन रात्री दोन वाजता बसायची हौस असेल, तरच रोजची कच्ची मांदेली सुरू करा. सुकट आणि सुके बोंबील खारट असू शकतात, ते नकोतच.

शिजवायचं म्हणजे आपलं कालवण नव्हे, हेही सांगून टाकते. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा कितीही सुंदर दिसल्या, तरी बोक्याच्या वाटीत त्यातली एक पाकळीही पडू नये. मीठ नको, मसाला नको. थोड्या पाण्यात चिकन पूर्ण शिजेपर्यंत उकडायचं आणि ते पाणीसुद्धा त्याला द्यायचं. कारण टॉरिन. मांजराला हे टॉरिन मांसातूनच मिळवावं लागतं आणि उकळताना त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं. ते कमी पडलं की आधी डोळे जातात, मग हृदय. मांजरांमधल्या एका जीवघेण्या हृदयविकाराचं मूळ टॉरिनच्या कमतरतेत आहे, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं, आणि ती मांजरं विकतचंच खाणं खात होती.

नुसतं चिकन, कच्चं असो की शिजलेलं, हे पूर्ण जेवण नाहीच. उंदीर खाताना मांजर हाडं, काळीज, मेंदू सगळं खातं. आपण बोनलेस देतो आणि वर त्याला ‘नॅचरल डाएट’ म्हणतो! मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. महिनोन् महिने असंच चाललं तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. काळीज जास्त झालं तर जीवनसत्त्व ए साठत जातं आणि मानेचे मणके एकमेकांना जुळतात. म्हणून कॅल्शियम, टॉरिन, जीवनसत्त्वं यांचं मोजून दिलेलं मिश्रण पशुवैद्यांकडून घ्यायचं. नाहीतर सरळ कमी कार्बचं ओलं डबाबंद ‘संपूर्ण आहार’वालं खाणं द्यायचं. महाग पडतं, मान्य. पण रविवारी दोन तास ओट्यापाशी उभं राहून ग्रॅमचा काटा लावण्यापेक्षा मला तरी ते परवडलं असतं.

आता मुख्य मुद्दा. घाईने वाचत असाल तर इथे थोडं थांबा.

समजा, बोक्याला दाण्यांवर असताना पशुवैद्यांनी इन्शुलिनचा डोस ठरवून दिलाय. तो डोस त्या दाण्यांतल्या पिठाच्या हिशेबाने बसलेला आहे. शनिवारी सकाळी तुम्ही हुरूप येऊन दाणे बंद केले, चिकन सुरू केलं आणि संध्याकाळी नेहमीएवढंच इन्शुलिन टोचलं. पीठ गेलं, इन्शुलिन तेवढंच राहिलं. शुगर धाडकन खाली येते. बोका आधी सुस्तावतो किंवा उगाच भुकेने ओरडत फिरतो, मग डगमगतो, कोपऱ्यात तोंड घालून बसतो, झटके येतात, बेशुद्ध होतो. यात मांजरं मरतात. आणि यात खाणं कच्चं होतं की शिजलेलं, याचा काहीही संबंध नाही. आहार जितका ‘चांगला’, तितका हा धोका मोठा, आणि कच्च्याचं कौतुक करणारे नेमकं हेच सांगायला विसरतात.

म्हणून आहार बदलायच्या आधी पशुवैद्यांना फोन. बदल हळूहळू, आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवं मिसळत. रोज घरी शुगर तपासायची, कानाच्या कडेला बारीक टोचून एक थेंब. दिसायला भयंकर वाटतं, पण बरीच मांजरं खाऊच्या आशेने गप बसतात. माणसांचं ग्लुकोमीटर मांजराच्या रक्ताचा आकडा बरेचदा कमी दाखवतं, म्हणून कुठलं मशीन वापरताय तेही डॉक्टरांना सांगा. डोस किती उतरवायचा हे ते ठरवतील. आणि ‘आता चिकन खातोय, मग इन्शुलिन कशाला’ असं म्हणून ते आपल्या मनाने बंद करायचं नाही. इन्शुलिनशिवाय शरीर चरबी जाळत सुटतं, रक्तात कीटोन साठतात, आणि ते उपाशी मारण्याइतकंच वाईट.

उपाशी ठेवून वळण लावायचा प्रयोगही नको. ‘भूक लागली की खाईल’ हा फंडा पोरांवर चालत असेल. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर त्याच्या यकृतात चरबी भरते आणि दुसराच जीवघेणा आजार उभा राहतो. जेवला नाही, उलटी केली, तर पुढचा डोस द्यायचा की नाही हे फोन करून विचारायचं. शुगर उतरल्याची शंका आली आणि तो गिळू शकत असेल, तर आधी खायला घाला. लुळा पडला असेल तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा, घशात ओतू नका, आणि तसंच उचलून दवाखाना गाठा.

पण दवाखाना कुठला? मुंबईत आहात तर परळचं जुनं बैलघोडा हॉस्पिटल आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं २०२४ मध्ये सुरू झालेलं प्राण्यांचं हॉस्पिटल आहे. किनाऱ्यावरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचं मुख्य काम मात्र गाई-म्हशी आणि शेळ्यांचं. आपल्या वीकएण्डच्या गावाजवळ मांजराला बघणारं कोण आहे आणि रविवारी फोन उचलतं का, हे शुक्रवारी निघायच्या आधी विचारून ठेवलेलं बरं.

प्रवासाचंही तसंच. २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, गाडीसकट बोका नेता येतो. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद. इन्शुलिन थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटून नको, गोठलेलं इन्शुलिन बाद. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, तेव्हा कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. फ्रीझरमध्ये पंधरा दिवसांचं कच्चं चिकन साठवणाऱ्यांनी तेवढं एकदा डोळ्यांसमोर आणावं. इन्शुलिनचं त्यापेक्षा बरं. फ्रिज बंद पडला तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत, पाणी लागणार नाही अशा डबीत ते बरेच दिवस तग धरतं.

आणि जास्तीच्या सिरिंज मुंबईहूनच न्या. इन्शुलिन यू-४० आणि यू-१०० अशा दोन ताकदींत येतं. यू-४०च्या सिरिंजचं टोपण लाल, यू-१००चं केशरी. यू-१००चं इन्शुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने भरलंत तर बोक्याला अडीचपट डोस जातो. केमिस्टकडे ‘इन्शुलिनची सुई द्या’ एवढंच म्हणू नका, बाटली सोबत न्या आणि तिच्यावरचा आकडा त्याला दाखवा.